मोबाइल संचाची हमी व बदली (भारत)

मोबाइल संचाची हमी व बदली या विषयात बिघडलेला, फुटलेला, भिजलेला किंवा हरवलेला मोबाइल संच (बोलीभाषेत मोबाइल, फोन किंवा हँडसेट) दुरुस्त करून घेणे, त्याऐवजी दुसरा संच मिळवणे किंवा त्याची किंमत परत मिळवणे यासंबंधीचे नियम, करार आणि रूढ कार्यपद्धती यांचा समावेश होतो. अमेरिकेसारख्या देशांत अनेक वर्षे मोबाइल संच हा सेवा कंपनीशी केलेल्या दीर्घ मुदतीच्या कराराचा भाग असे; त्यामुळे संच बिघडल्यास ग्राहक सेवा कंपनीकडेच जात असे. भारतात ही पद्धत काही अपवाद वगळता रुजली नाही. येथे संच एका दुकानातून आणि सिमकार्ड दुसऱ्या कंपनीकडून घेतले जाते. परिणामी संच बिघडल्यास ग्राहकाचा संबंध विक्रेता, उत्पादक, सर्व्हिस सेंटर, विमा कंपनी, कर्ज देणारी वित्तसंस्था आणि मोबाइल सेवा कंपनी अशा अनेक पक्षांशी येतो आणि त्यांतील प्रत्येकाची जबाबदारी वेगळी असते.

भारतात संच बदलून मिळण्याचा कायदेशीर आधार प्रामुख्याने ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ हा आहे. त्याखेरीज मालविक्री अधिनियम, १९३० आणि भारतीय करार अधिनियम, १८७२ यांतील तरतुदीही लागू होतात.

संज्ञा

या विषयात नेहमी येणाऱ्या काही संज्ञांचे अर्थ पुढीलप्रमाणे आहेत.

दोष: वस्तूच्या गुणवत्तेत, प्रमाणात, क्षमतेत, शुद्धतेत किंवा दर्जात असलेली उणीव. संच आपोआप बंद पडणे, बॅटरी फुगणे, चार्जिंग न होणे ही दोषाची उदाहरणे होत.

हानी: ग्राहकाच्या हातून किंवा बाह्य कारणाने संचाला झालेली इजा. संच पडून काच फुटणे, पाण्यात भिजणे, विजेच्या चढउताराने जळणे यांचा यात समावेश होतो.

हमी (वॉरंटी): ठरावीक मुदतीत दोष आढळल्यास तो विनामूल्य दूर करून देण्याचे उत्पादकाचे वचन. व्यवहारात ‘गॅरंटी’ आणि ‘वॉरंटी’ हे शब्द एकाच अर्थाने वापरले जातात. मात्र दुकानदार तोंडी ‘गॅरंटी’ देतो तेव्हा ग्राहकाला संच बदलून मिळेल असे वाटते, तर छापील हमीपत्रात बहुधा केवळ दुरुस्तीचे वचन असते. बहुतेक वाद या फरकातून उद्‌भवतात.

वाढीव हमी: मूळ हमीची मुदत संपल्यावर पुढील काळासाठी वेगळे पैसे देऊन घेतलेली हमी.

विमा: अपघाती हानी किंवा चोरी यांपासून संरक्षण देणारा, विमा कंपनीशी केलेला स्वतंत्र करार.

आयएमईआय क्रमांक: प्रत्येक संचाची ओळख पटवणारा १५ अंकी क्रमांक. दोन सिमकार्डांच्या संचाला असे दोन क्रमांक असतात. संचावर *#०६# ही कळ-मालिका दाबल्यास तो पडद्यावर दिसतो. खोक्यावर आणि सामान्यतः बिलावरही तो छापलेला असतो.

दोष आणि हानी यांतील भेद या विषयाच्या केंद्रस्थानी आहे. दोषाची जबाबदारी उत्पादक व विक्रेत्यावर येते. हानीची जबाबदारी, विमा नसेल तर, ग्राहकावरच राहते.

इतिहास

प्रारंभ

भारतातील पहिले मोबाइल संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री ज्योती बसू आणि केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांच्यात झाले. त्याच वर्षी मुंबईतही मोबाइल सेवा सुरू झाली. दूरसंचार खात्याच्या विभागणीत मुंबई हे स्वतंत्र परिमंडळ असून उर्वरित महाराष्ट्र व गोवा मिळून दुसरे परिमंडळ होते. सुरुवातीची सेवा जीएसएम तंत्रज्ञानाची असल्याने सिमकार्ड एका संचातून काढून दुसऱ्यात घालता येत असे. संच बिघडला तरी क्रमांक टिकून राहत असे, आणि संच कोणाकडून घ्यावा याचे बंधन नसे.

सीडीएमए आणि संचासह करार

संच आणि सेवा यांची सांगड घालणारा भारतातील सर्वांत मोठा प्रयोग महाराष्ट्रातूनच झाला. नवी मुंबईत मुख्यालय असलेल्या रिलायन्स इन्फोकॉम या कंपनीने डिसेंबर २००२ मध्ये सीडीएमए तंत्रज्ञानावर आधारित सेवेची घोषणा केली. २००३ च्या ‘मान्सून हंगामा’ या योजनेत प्रारंभी ५०१ रुपये भरून संच मिळत असे आणि उर्वरित रक्कम पुढील बिलांतून वसूल केली जाई. तोवर मोबाइल ही श्रीमंतांची वस्तू समजली जात होती. या योजनेमुळे तो सामान्य कुटुंबांत पोहोचला.

या सुरुवातीच्या सीडीएमए संचांत काढता येण्याजोगे सिमकार्ड नसे. ग्राहकाचा क्रमांक संचातच नोंदवलेला असे. त्यामुळे संच बंद पडला की क्रमांकही बंद पडे आणि नव्या संचात तो नोंदवून घेण्यासाठी कंपनीच्याच केंद्रात जावे लागे. दुसऱ्या कंपनीचा संच त्या जाळ्यावर चालत नसे. संच बिघडला तरी कराराप्रमाणे हप्ते मात्र चालू राहत. ‘करारातील संच’ या कल्पनेचे फायदे आणि तोटे भारतीय ग्राहकाने याच काळात अनुभवले.

बंदिस्त संच

२२ ऑगस्ट २००८ रोजी आयफोन ३जी हा संच भारतात एअरटेल आणि व्होडाफोन या दोन सेवा कंपन्यांमार्फत विक्रीस आला. ८ जीबी क्षमतेच्या संचाची किंमत ३१,००० रुपये होती. पूर्ण किंमत घेऊनही संच विकणाऱ्या कंपनीच्या जाळ्यापुरता बंदिस्त (लॉक केलेला) होता. परदेशात अशा बंदिस्त संचाच्या बदल्यात किमतीत मोठी सवलत मिळत असे. येथे ती नव्हती.

क्रमांक न बदलता सेवा कंपनी बदलण्याची सोय (मोबाइल क्रमांक पोर्टेबिलिटी) २५ नोव्हेंबर २०१० रोजी हरियाणात आणि २० जानेवारी २०११ पासून देशभर सुरू झाली. ३ जुलै २०१५ पासून एका परिमंडळातून दुसऱ्या परिमंडळात जातानाही क्रमांक टिकवता येऊ लागला. यानंतर ग्राहकाला एका कंपनीशी बांधून ठेवणाऱ्या संच-करारांचे आकर्षण आणखी कमी झाले.

अनामत आणि हप्ते

जुलै २०१७ मध्ये मुंबईत जाहीर झालेला जिओफोन हा संच १,५०० रुपयांच्या परतफेडयोग्य अनामतीवर देण्यात आला. ३ वर्षांनी संच परत केल्यास ही रक्कम परत मिळण्याची अट होती. संचाची मालकी, वापर आणि परतफेड हे तिन्ही कराराने ठरवणारी ही योजना सेवा कंपनीच्या कराराचे भारतीय रूप मानता येते. २०२१ च्या दिवाळीत आलेल्या जिओफोन नेक्स्ट या संचासाठी प्रारंभी थोडी रक्कम आणि नंतर १८ किंवा २४ महिन्यांचे हप्ते अशी योजना होती. तिच्या हप्त्यांत सेवेचे शुल्कही समाविष्ट होते.

आज बहुसंख्य हप्त्यांची खरेदी सेवा कंपनीऐवजी वित्तसंस्थेच्या कर्जावर होते. येथे विक्रीचा करार दुकानदाराशी आणि कर्जाचा करार वित्तसंस्थेशी असे दोन वेगळे करार असतात. संच आठवडाभरात बंद पडला तरी कर्जाचा हप्ता आपोआप थांबत नाही. रागाच्या भरात हप्ता थकवल्यास दंड लागतो आणि ग्राहकाच्या पतनोंदीवर परिणाम होतो. दोषाची तक्रार विक्रेता व उत्पादकाविरुद्ध करणे आणि हप्ते चालू ठेवणे हाच सुरक्षित मार्ग ठरतो.

हमीचे स्वरूप

नव्या संचावर सामान्यतः खरेदीच्या दिनांकापासून १ वर्षाची हमी असते. बॅटरी, चार्जर यांसारख्या पूरक वस्तूंची हमी अनेक कंपन्या ६ महिन्यांपुरती मर्यादित ठेवतात. नेमकी मुदत हमीपत्रावर दिलेली असते.

हमीतून बहुधा पुढील बाबी वगळलेल्या असतात:

- पडल्याने किंवा दाबल्याने फुटलेला पडदा, वाकलेला सांगाडा
- पाणी किंवा अन्य द्रव शिरल्याने झालेला बिघाड
- अनधिकृत दुकानात उघडलेला किंवा दुरुस्त केलेला संच
- आयएमईआय क्रमांक खोडलेला किंवा न जुळणारा संच
- मूळ प्रणालीत (सॉफ्टवेअरमध्ये) फेरफार केलेला संच

खोके उघडताच संच बंद आढळल्यास किंवा पहिल्या काही दिवसांतच निकामी झाल्यास अनेक कंपन्या तो दुरुस्त न करता थेट बदलून देतात. त्यासाठी अधिकृत सर्व्हिस सेंटरचे तसे प्रमाणपत्र आणि संच, खोके, चार्जर व बिल सुस्थितीत असणे आवश्यक असते. ही मुदत अत्यल्प असल्याने संच घेतल्यावर त्याचे सर्व भाग लगेच तपासून पाहणे हिताचे ठरते.

वाढीव हमी आणि विमा

वाढीव हमी, ‘स्क्रीन संरक्षण’ योजना आणि विमा या तीन गोष्टी दुकानात अनेकदा एकाच नावाने विकल्या जातात, परंतु त्यांचे परिणाम भिन्न आहेत. वाढीव हमीत मूळ हमीच्याच अटी पुढे चालू राहतात. म्हणजे फुटलेली काच तीतही बसत नाही. स्क्रीन संरक्षण योजनेत केवळ पडद्याचा खर्च, तोही बहुधा एकदाच, भरून मिळतो. विम्यात अपघाती हानी व चोरीचा समावेश असू शकतो.

विम्याच्या करारातही काही कलमे बारकाईने वाचावी लागतात. दाव्याच्या वेळी ग्राहकाने स्वतः सोसावयाची ठरावीक रक्कम आणि संचाच्या वयानुसार केलेली घट वजा होऊन उरलेली रक्कम मिळते. घटनेची सूचना ठरावीक मुदतीत द्यावी लागते. ‘चोरी’ आणि ‘हरवणे’ यांत विमा कंपन्या भेद करतात. एसटीच्या आसनावर विसरलेला संच अनेक योजनांत भरपाईस पात्र ठरत नाही. विमा कंपनीने दावा नाकारल्यास आधी तिच्याच तक्रार निवारण कक्षाकडे आणि नंतर विमा लोकपालाकडे दाद मागता येते. पुणे येथे विमा लोकपालाचे कार्यालय आहे आणि तेथे शुल्क आकारले जात नाही. ज्या योजनेमागे विमा कंपनी नसून केवळ हमी देणारी व्यापारी संस्था आहे, तिची तक्रार मात्र ग्राहक आयोगाकडेच करावी लागते.

दुरुस्ती, बदली की परतावा

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम ३९ अन्वये आयोग विरुद्ध पक्षाला दोष दूर करण्याचा, तशीच नवी निर्दोष वस्तू देण्याचा, व्याजासह किंमत परत करण्याचा आणि नुकसानभरपाई देण्याचा आदेश देऊ शकतो. यांपैकी कोणता उपाय मिळेल हे वस्तुस्थितीवर अवलंबून असते.

‘वस्तूत बिघाड झाला म्हणजे नवी वस्तू मिळालीच पाहिजे’ असा सरसकट नियम नाही. मारुती उद्योग लि. विरुद्ध सुशीलकुमार गबगोत्रा (२००६) या मोटारीसंबंधीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हमीपत्रातील अट ग्राह्य धरली: हमी सदोष भाग दुरुस्त करण्यापुरती किंवा बदलण्यापुरती असेल, तर संपूर्ण वाहन बदलून देण्याचा आदेश योग्य ठरत नाही. सी. एन. अनंतराम विरुद्ध फियाट इंडिया लि. या २०१० च्या निकालातही मूलभूत उत्पादन-दोष सिद्ध होणे महत्त्वाचे मानले गेले. हे खटले मोटारींचे असले तरी त्यांतील तत्त्व इतर वस्तूंनाही लागू पडते.

यामुळे संच बदलून मागणाऱ्या ग्राहकाला सामान्यतः दोनपैकी एक गोष्ट दाखवावी लागते: दोष मूळ उत्पादनातलाच आहे, किंवा वारंवार दुरुस्ती करूनही तो दूर झालेला नाही. दुसरी बाब सिद्ध करणे तुलनेने सोपे असते, कारण प्रत्येक दुरुस्तीच्या वेळी मिळालेली जॉब शीट हाच पुरावा असतो. एकाच तक्रारीसाठी तीन-चार वेळा संच जमा केल्याच्या नोंदी असतील, तर दुरुस्तीचा उपाय अपुरा ठरल्याचे त्यांतून दिसते.

दोष साध्या पाहणीने ठरवता येत नसेल, तर कलम ३८ नुसार आयोग वस्तूचा नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे तपासणीसाठी पाठवू शकतो.

बदलून दिलेला संच नवा आहे की दुरुस्त केलेला, हाही वादाचा विषय होतो. काही हमीपत्रांत ‘नवा किंवा नव्यासारखा’ संच देण्याची मुभा उत्पादकाने राखून ठेवलेली असते. बदललेल्या संचाचा आयएमईआय क्रमांक वेगळा असल्याने तो सर्व्हिस सेंटरच्या कागदावर लिहून घेणे आवश्यक असते. अन्यथा पुढे हमी, विमा किंवा चोरीची तक्रार या प्रत्येक ठिकाणी मूळ बिलावरील क्रमांक जुळत नाही.

पाण्याने झालेला बिघाड

हमी नाकारली जाण्याचे एक प्रमुख कारण म्हणजे पाणी शिरल्याचा निष्कर्ष. अनेक संचांत एक छोटी पांढरी पट्टी असते; द्रवाचा स्पर्श होताच ती लाल किंवा गुलाबी होते. ती रंगलेली आढळली की सर्व्हिस सेंटर हमी नाकारते.

‘वॉटरप्रूफ’ म्हणून जाहिरात झालेल्या संचांबाबतही हाच अनुभव येतो. आयपी६७ हे मानांकन संच १ मीटर खोल पाण्यात ३० मिनिटे टिकल्याचे दर्शवते. मात्र ही चाचणी प्रयोगशाळेत स्वच्छ, स्थिर पाण्यात होते. पाटाचे गढूळ पाणी, साबणाचे पाणी, फवारणीचे औषध किंवा वापराने सैल झालेल्या रबरी कडा यांचा विचार तीत नसतो. मानांकन असूनही द्रवाने झालेली हानी हमीतून वगळल्याचे बहुतेक कंपन्या बारीक अक्षरांत नमूद करतात. जाहिरातीने निर्माण केलेली समजूत आणि हमीपत्रातील अट यांत तफावत असल्यास ती दिशाभूल करणारी जाहिरात या सदरात मोडते का, हा प्रश्न आयोगापुढे मांडता येतो.

प्रचलित कार्यपद्धती

१. संचातील छायाचित्रे, संपर्क क्रमांक आणि कागदपत्रे अन्यत्र साठवून ठेवावीत. दुरुस्तीत माहिती पुसली गेल्यास तिची जबाबदारी सर्व्हिस सेंटर सहसा घेत नाही.

२. सिमकार्ड आणि मेमरी कार्ड काढून घ्यावे. बँकेची व पैसे पाठवण्याची ॲप शक्य असल्यास बंद करावीत.

३. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये मूळ बिल दाखवून संच जमा करावा. बिलाची प्रत द्यावी, मूळ बिल देऊ नये.

४. जॉब शीटवर तक्रार ग्राहकाच्या शब्दांत, संचाची बाह्य स्थिती (‘काच अखंड’, ‘ओरखडे नाहीत’), आयएमईआय क्रमांक आणि दिनांक लिहिले आहेत का ते पाहूनच सही करावी. जमा करताना अखंड असलेली काच नंतर फुटलेली दाखवली गेल्यास ही नोंदच उपयोगी पडते.

५. संच परत घेताना काय दुरुस्त केले, कोणता भाग बदलला, हे लेखी घ्यावे.

६. हमी नाकारल्यास नकाराचे कारण लेखी मागावे. तोंडी नकाराचा पुढे काहीच उपयोग होत नाही.

७. त्यानंतर उत्पादकाच्या तक्रार अधिकाऱ्याला ई-मेल किंवा नोंदणीकृत टपालाने कळवावे. ऑनलाइन खरेदी असल्यास ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार विक्री संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याने तक्रारीची पोच ४८ तासांत देणे आणि १ महिन्यात निवारण करणे अपेक्षित आहे.

बिल न देणे ही कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल बिलात नमूद मुदतीत, तशी मुदत नसल्यास ३० दिवसांत, परत घेण्यास नकार देणे हेही याच व्याख्येत येते. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही दुकानातील पाटी सदोष मालाच्या बाबतीत ग्राहकाचा हक्क संपवू शकत नाही. १ एप्रिल २०२० पासून मोबाइल संचांवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. कर वाचवण्यासाठी कच्च्या पावतीवर संच घेणारा ग्राहक थोडी रक्कम वाचवतो, पण हमी, विमा आणि तक्रार या तिन्हींचा आधार गमावतो.

सिमकार्ड व क्रमांक

संच बदलताना क्रमांक कायम ठेवणे हे सेवा कंपनीचे काम आहे. सिमकार्ड खराब झाल्यास किंवा हरवल्यास ओळखपत्र दाखवून त्याच क्रमांकाचे नवे कार्ड मिळते. फसवणूक टाळण्यासाठी नवे कार्ड सुरू झाल्यावर पहिले २४ तास त्यावर एसएमएस बंद ठेवले जातात. त्यामुळे या काळात बँकेचा ओटीपी येत नाही. १ जुलै २०२४ पासून सिमकार्ड बदलल्यानंतर ७ दिवस क्रमांक दुसऱ्या कंपनीकडे नेता येत नाही. दुसऱ्याच्या नावे परस्पर सिमकार्ड काढून बँक खाते रिकामे करण्याचे प्रकार रोखणे हा या नियमांचा हेतू आहे.

संच दीर्घकाळ दुरुस्तीत असल्यास सिमकार्ड साध्या संचात घालून चालू ठेवणे श्रेयस्कर ठरते. प्रीपेड क्रमांक सलग ९० दिवस वापरात नसल्यास तो बंद होऊन पुढे दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो. बँक खाते, आधार आणि शासकीय योजनांशी जोडलेला क्रमांक असा परक्या हाती जाणे धोक्याचे असते.

हरवलेला किंवा चोरीस गेलेला संच

हरवलेल्या संचांसाठी दूरसंचार विभागाने केंद्रीय उपकरण ओळख नोंदवही (सीईआयआर) उभारली आहे. तिचा पथदर्शी प्रयोग सप्टेंबर २०१९ मध्ये महाराष्ट्रातच सुरू झाला. मे २०२३ मध्ये ‘संचार साथी’ या संकेतस्थळाद्वारे ही सुविधा देशभर उपलब्ध झाली.

यासाठी आधी पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवून तिची प्रत घ्यावी लागते आणि त्याच क्रमांकाचे नवे सिमकार्ड काढावे लागते. त्यानंतर संकेतस्थळावर आयएमईआय क्रमांक, पोलीस तक्रारीची प्रत, खरेदीचे बिल आणि ओळखपत्र देऊन विनंती नोंदवता येते. नोंद झाल्यावर तो संच देशातील कोणत्याही जाळ्यावर चालत नाही. कोणी त्यात दुसरे सिमकार्ड घातल्यास पोलिसांना माग काढता येतो. संच सापडल्यास त्याच संकेतस्थळावरून तो पुन्हा सुरू करून घ्यावा लागतो. जुना संच विकत घेण्यापूर्वी त्याचा आयएमईआय क्रमांक याच व्यवस्थेत तपासता येतो. आयएमईआय क्रमांकात फेरफार करणे दूरसंचार अधिनियम, २०२३ नुसार शिक्षापात्र आहे.

ग्राहक आयोगाकडे तक्रार

महाराष्ट्रातील ग्राहक चळवळीची परंपरा कायद्याहूनही जुनी आहे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीची स्थापना केली. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ मध्ये सुरू झाली. २४ डिसेंबर १९८६ रोजी पहिल्या ग्राहक संरक्षण अधिनियमास राष्ट्रपतींची संमती मिळाली; हा दिवस राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळला जातो. २० जुलै २०२० पासून २०१९ चा नवा अधिनियम अमलात आला.

मोबाइल संचासंबंधीच्या जवळजवळ सर्व तक्रारी जिल्हा आयोगाच्या कक्षेत येतात. वस्तूसाठी मोजलेली किंमत ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही. वकील नेमण्याची सक्ती नाही. कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. पूर्वीच्या कायद्यात विरुद्ध पक्ष जेथे असेल किंवा जेथे कारण घडले असेल तेथे तक्रार करावी लागे. नव्या कायद्याने ग्राहक जेथे राहतो किंवा काम करतो त्या ठिकाणच्या आयोगाकडेही तक्रार करण्याची मुभा दिली. परगावाहून ऑनलाइन संच मागवणाऱ्या ग्राहकासाठी हा बदल मोलाचा आहे.

तक्रारीत विक्रेता, सर्व्हिस सेंटर आणि उत्पादक या तिघांनाही पक्षकार करण्याची प्रथा आहे, जेणेकरून त्यांना एकमेकांकडे बोट दाखवता येऊ नये. तक्रारीचा निकाल ३ महिन्यांत, प्रयोगशाळेची तपासणी लागल्यास ५ महिन्यांत लागावा असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात अनेक प्रकरणांत याहून अधिक काळ लागतो. निकालाविरुद्ध ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येते. आदेश न पाळणाऱ्यास कलम ७२ नुसार कारावास किंवा दंड होऊ शकतो.

आयोगाकडे जाण्यापूर्वी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही, परंतु कंपनीशी संपर्क साधून तडजोड घडवू शकते.

दोष संचात नसून सेवेत असल्यास तक्रार सेवा कंपनीविरुद्ध असते. २००९ च्या एका निकालामुळे दूरध्वनी सेवेच्या तक्रारी ग्राहक मंचापुढे चालतात का याविषयी संभ्रम निर्माण झाला होता. व्होडाफोन आयडिया विरुद्ध अजयकुमार अगरवाल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये ग्राहक आयोगांना तसा अधिकार असल्याचे स्पष्ट केले.

ग्रामीण भागातील स्थिती

शहरात संच बंद पडणे ही गैरसोय असते. गावात तिचे परिणाम अधिक दूरवर पोहोचतात. पुणे जिल्ह्याच्या पूर्व टोकाकडील इंदापूर तालुक्यात असलेली वरकुटे खुर्द व वरकुटे बुद्रुक ही गावे उदाहरणादाखल घेता येतील. तेथील ग्राहकासाठी इंदापूर आणि बारामती या जवळच्या बाजारपेठा आहेत, तर जिल्ह्याचे मुख्यालय असलेले पुणे शहर शंभराहून अधिक किलोमीटर दूर आहे. संबंधित कंपनीचे अधिकृत सर्व्हिस सेंटर जवळच्या बाजारपेठेत नसेल, तर संच जमा करण्यासाठी एक आणि परत आणण्यासाठी एक असे दोन दिवस मोडतात. ८,००० ते १०,००० रुपयांच्या संचासाठी एवढा प्रवास आणि बुडालेली मजुरी परवडत नाही. म्हणून हमी शिल्लक असतानाही लोक बाजारातील साध्या दुरुस्तीच्या दुकानाचा आश्रय घेतात, आणि संच एकदा तेथे उघडला की हमी संपते.

दरम्यान शेतीची कामे मोबाइलवर आली आहेत. महाराष्ट्र शासनाची ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाली; शेतकऱ्याने स्वतःच्या मोबाइलवरून पिकाचे छायाचित्र घेऊन सातबाऱ्यावर नोंद करावयाची असते. पीककर्ज, नुकसानभरपाई आणि हमीभावाने विक्री यांसाठी ही नोंद लागते आणि तिला मुदत असते. नेमक्या त्याच आठवड्यात संच सर्व्हिस सेंटरमध्ये पडून असेल, तर हानी संचाच्या किमतीपुरती उरत नाही. एकाच मोबाइलवरून अनेक खातेदारांची नोंद करता येत असल्याने अशा वेळी शेजाऱ्याच्या संचावरून काम भागवता येते.

कायद्यातील काही तरतुदी या अंतरावर उतारा ठरतात. तक्रार ऑनलाइन दाखल करता येते आणि कलम ३८ नुसार पक्षकार दूरदृश्य प्रणालीद्वारे सुनावणीस उपस्थित राहण्याची विनंती करू शकतो. व्यापारी हेतूने घेतलेली वस्तू कायद्याच्या संरक्षणातून वगळली असली, तरी स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी स्वतः वापरलेली वस्तू वगळलेली नाही. त्यामुळे शेतकरी, रिक्षाचालक किंवा छोटा दुकानदार यांना केवळ व्यवसायाचे कारण सांगून ‘ग्राहक’ या व्याख्येबाहेर काढता येत नाही.

अन्य देशांतील पद्धती

अमेरिकेत सेवा कंपन्या २ वर्षांच्या करारावर संच अल्प किमतीत देत असत. संच मध्येच फुटल्यास करार संपेपर्यंत सवलतीचा नवा संच मिळत नसे. ग्राहकाला पूर्ण किमतीचा संच घ्यावा लागे किंवा दरमहा पैसे भरून घेतलेल्या विम्यावर अवलंबून राहावे लागे. २०१३ नंतर ही करारपद्धत मागे पडत गेली आणि तिची जागा संचाच्या मासिक हप्त्यांनी घेतली. २०१४ च्या कायद्याने ग्राहकाला आपला बंदिस्त संच खुला करून घेण्याची मुभा दिली.

ब्रिटनमध्ये २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार सदोष वस्तू ३० दिवसांत परत करून पूर्ण किंमत मागता येते. पहिल्या ६ महिन्यांत दिसलेला दोष मुळापासूनच होता असे गृहीत धरले जाते; तसे नसल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी विक्रेत्यावर असते. तेथे डिसेंबर २०२१ पासून सेवा कंपन्यांना बंदिस्त संच विकण्यास मनाई आहे. युरोपीय संघात विक्रेत्यावर किमान २ वर्षांची कायदेशीर हमी बंधनकारक आहे. भारतात हमीची अशी किमान मुदत सर्व वस्तूंसाठी कायद्याने ठरवून दिलेली नाही. ती उत्पादकाच्या हमीपत्रावर अवलंबून असते.

दुरुस्तीचा हक्क

संच बदलण्यापेक्षा तो दुरुस्त करता यावा, हा विचार अलीकडे बळावला आहे. चिकटवलेल्या बॅटऱ्या, सुट्या भागांची टंचाई आणि दुरुस्तीचे अवाजवी दर यांमुळे वापरण्याजोगे संच टाकून द्यावे लागतात. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली आणि २४ डिसेंबर २०२२ रोजी त्यासंबंधीचे संकेतस्थळ सुरू केले. तेथे सहभागी कंपन्यांच्या दुरुस्ती केंद्रांची, सुट्या भागांची आणि हमीच्या अटींची माहिती देण्यात येते. हा अद्याप स्वतंत्र कायदा नाही.

निकामी झालेल्या संचांची विल्हेवाट ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ नुसार करावयाची असते. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या या नियमांनी पुनर्चक्रणाची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. संच देऊन टाकण्यापूर्वी त्यातील खाजगी माहिती पुसणे आणि सिमकार्ड काढून घेणे ही मात्र ग्राहकाची जबाबदारी राहते.

हे सुद्धा पहा

- ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९
- ग्राहक पंचायत
- मोबाइल क्रमांक पोर्टेबिलिटी
- ई-कचरा
- ई-पीक पाहणी
- इंदापूर तालुका